राघूचा कंठ

मराठीत काही शब्दप्रयोग असे आहेत की, ते ज्या वस्तूवरून निघाले ती वस्तू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांची गोडी कळत नाही. ‘कंठ फुटणे’ हा त्यांतलाच एक. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज बदलला की त्याला कंठ फुटला, असे आपण म्हणतो. आणि पोपटाच्या नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटली की त्यालाही कंठच फुटतो. मुलांना वाक्प्रचारांचे अर्थ लिहून देण्यात माझी उमेद गेली. पण हा दुसरा अर्थ मी चाळिशीत आल्यावर, आमच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यापाशी शिकलो.

तो पिंजरा आता रिकामा आहे. तो रिकामा कसा झाला, हे या महिन्यात वाचकांना सांगावयाचे आहे. त्यात माझी शोभा नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या ओसरीवर असा पिंजरा असेल, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो.

२००६ सालच्या चैत्रातील गोष्ट. पांढुर्ण्याच्या बाजारात एक मनुष्य फडक्याने झाकलेली टोपली घेऊन बसला होता. भाजी घेऊन परतणाऱ्या आईने सहज विचारले, ‘काय आहे रे?’ त्याने फडके उचलले. आत पोपटाची पंधरा-वीस पिल्ले होती. अंगावर पुरती पिसे नाहीत, माना लटपटत आहेत, चोची मात्र उघड्या. आईने त्यांतले एक घेतले आणि पदराखाली धरून घरी आणले. मी रागावलो, तेव्हा ती म्हणाली, ‘घेतलं नसतं तर मेलं असतं.’ या उत्तरापुढे मी गप्प बसलो. टोपलीतल्या उरलेल्यांचे काय झाले असेल, आणि एक विकले गेले म्हणून तो मनुष्य पुढच्या वर्षी आणखी किती काढून आणील, हे प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही पडले नाहीत.

भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा लगदा बोटावर घेऊन आईने ते पिल्लू जगविले. त्याचे नाव अर्थातच राघू. तिसऱ्या वर्षी त्याला कंठ फुटला आणि तो नर असल्याची खात्री पटली. मादीच्या गळ्याला अशी ठळक रेघ येत नाही. दुसऱ्या अर्थाने मात्र त्याला कंठ आधीच फुटला होता. माझी शाळा सौसर तालुक्यात. संध्याकाळच्या बसने मी घरी येई, पायरीवर चपला काढी, आणि आतून आई विचारी, ‘जेवला का रे बाबू?’ दुपारचा डबा खाल्ला की नाही, एवढाच त्या प्रश्नाचा आशय. एके दिवशी आई देवळात गेली असताना मी चपला काढल्या, तर तोच प्रश्न, तोच स्वर, ‘बाबू’वरचा तोच हेलकावा पिंजऱ्यातून आला. मी नकळत ‘हो’ म्हणालो.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा निराळा जिल्हाही झाला. कचेरीत हिंदी, शाळेत बहुतेक हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, अशी आमची रीत. राघूने ती बिनचूक उचलली. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी तो हिंदीत देई, आणि घरच्या माणसांशी वऱ्हाडी वळणाची मराठी बोले. इराणच्या दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीकाने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील एका पक्ष्याविषयी लिहून ठेवले आहे, की तो इकडची भाषा बोलतो आणि शिकविली तर ग्रीकही बोलेल. ओसरीवर हे वाचून दाखविले, तेव्हा आई म्हणाली, ‘त्याला काय, जो खाऊ घालील त्याची भाषा.’

पोपटाच्या घशात आपल्यासारखे स्वरतंतू नसतात. श्वासनलिका जेथे दुभंगते, तेथे त्याचे ध्वनीचे इंद्रिय असते, आणि जाड जीभ त्याला साहाय्य करते. पण तो बोलतो कशासाठी, हे अधिक महत्त्वाचे. पोपट हा थव्याचा पक्षी. ज्यांच्यात राहावयाचे त्यांचा आवाज उचलणे, ही त्याची आपलेपणाची खूण. एकट्या पोपटाला माणसांचाच थवा मानावा लागतो, म्हणून एकटा पोपट अधिक बोलतो. आपण ज्याचे कौतुक करतो ते पुष्कळदा त्याचे एकटेपण असते.

२०११ साली शेजारच्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांची मादी आमच्याकडे आली. मैना हा वस्तुतः निराळा पक्षी. पण राघूच्या जोडीदारिणीला आमच्या घरात दुसरे नाव सुचणे शक्य नव्हते. मैना आली आणि राघूचे माणसांशी बोलणे निम्म्यावर आले. आई तक्रार करी, ‘सून आली अन् पोरगा बोलेनासा झाला.’ आमची सौ. आतून म्हणे, ‘ऐकलं बरं का!’ मैना तर आमच्या भाषेतला एक शब्दही कधी बोलली नाही.

या दोघांच्या लहरी सांभाळणे हा घरातला एक उद्योगच होता. घरात सत्ता मैनेची. या जातीत मादीचा वरचष्मा असतो, हे पुढे वाचनात आले. मिरचीचा पहिला मान तिचा. मिरचीतील तिखटपणा पक्ष्यांच्या जिभेला जाणवतच नाही. म्हणून ‘मिरचीने पोपटाची जीभ सुटते’ हा आईचा सिद्धांत खरा नव्हता, पण मिरची त्यांना प्रिय होती हे खरे. पेरूची, म्हणजे आमच्याकडच्या जांबाची, फोड राघू एका पंजात धरून खाई. मैना ती मधूनच काढून घेई, आणि तो मान वळवून दुसरीकडे पाहत राही. आम्ही दोन दिवस परगावी जाऊन आलो की दोघेही पाठ फिरवून बसत. राग चढला की डोळ्यांतली बाहुली क्षणात बारीक, क्षणात मोठी होई. ती तशी होऊ लागली की हात आत घालू नये, हे माझ्या उजव्या हाताच्या बोटांना अद्याप आठवते.

आम्ही याला लहरीपणा म्हणत असू. पुष्कळ वर्षांनी, वहीत तारखा टिपण्याची जुनी सवय कामी आली आणि ध्यानात आले, की या लहरींना पंचांग आहे. पौष सरला की राघू मान लववून, एकेक पाऊल सरकत मैनेजवळ जाई आणि आपल्या घशातला घास तिच्या चोचीत देई. माघात मैना पिंजऱ्यातली लाकडी दांडी कुरतडून भुगा करी आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडे. पावसाळ्यात पिसे गळून नवी येत, तेव्हा दोघे मलूल आणि चिडखोर होत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. त्या दिवशीचा गलका ओसरीपर्यंत आला की हे दोघे दिवसभर एकमेकांना चिकटून बसत. आणि वर्षातल्या प्रत्येक संध्याकाळी, शेतांवरून परतणारे पोपटांचे थवे गावावरून जाऊ लागले की दोघेही गजांना लटकून किंचाळत. सौ. म्हणे, ‘यांना संध्याकाळी काय होतं कोण जाणे!’ काय होत असे ते उघड होते. बाहेर जे ऋतू चालले होते तेच आतही चालले होते. फक्त आत त्यांना जागा नव्हती.

२०१९ च्या मार्गशीर्षात आई गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मी शाळेत रुजू झालो. पहिल्याच संध्याकाळी पायरीवर चपला काढल्या, आणि आतून प्रश्न आला, ‘जेवला का रे बाबू?’ सौ. स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. आम्ही दोघे कितीतरी वेळ काही बोललो नाही. त्या दिवसापासून तो पिंजरा केवळ पोपटांचा राहिला नाही. आईचे छायाचित्र भिंतीवर होते. आवाज मात्र तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

आता माझा गुन्हा सांगतो. हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. आपल्या देशातले पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याच्या संरक्षणात येतात. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ च्या सुमारासच बंद झाला. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे, सर्वच कायद्याविरुद्ध आहे. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे ऑस्ट्रेलियातील बजरीगर आणि तत्सम परदेशी पक्षी यांची गोष्ट निराळी. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि काही जातींची नोंदणी करावी लागते. पण आपला हिरवा, लाल चोचीचा राघू पिंजऱ्यात ठेवण्याची मुभा कोणालाही नाही. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही ‘सगळेच ठेवतात’ या वाक्याच्या आड मी बसलो होतो. आई गेल्यावर तर त्या आडोशाला भक्तीचाही रंग चढला.

२०२४ च्या माघात मैनेने अंडी घातली. रानात ती झाडाच्या ढोलीत घालते; आमच्याकडे तिला पिंजऱ्याचा तळ होता. तीन अंडी जाळीवरून घरंगळून फुटली. चौथे सौ.ने वाटीत कापूस घालून ठेवले, तेही दोन दिवसांत फुटले. मैना त्यानंतर आठवडाभर रिकाम्या वाटीत बसून होती. राघू तिला घास भरवीत होता. मी वहीत ‘मैना बसून आहे’ एवढेच लिहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून आठवीचा तास मी घेतला. धडा वनस्पती व प्राणी यांच्या संवर्धनाचा. कायदा समजावून झाला. तास संपल्यावर एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. नोंदवह्या पोहोचविण्यासाठी तो एकदा आमच्या घरी येऊन गेलेला. तो म्हणाला, ‘सर, आमच्या काकानं धुऱ्यावरच्या सावरीच्या ढोलीतून दोन पिल्लं काढली. मी त्याला म्हटलं, असं करू नये. तर तो म्हणला, हेडमास्तरच्या घरी चालते, तर आपल्या घरी काहून नाही चालत?’ मुलाच्या स्वरात उपरोध नव्हता. त्याला खरेच विचारावयाचे होते. मी त्याला म्हणालो, ‘सुटी झाल्यावर तुझ्या शेतावर जाऊ.’ त्याच्या प्रश्नाचे उत्तर ते नव्हते, हे त्यालाही कळले असावे.

आम्ही गेलो. काका वयाने लहान, पण समजूतदार, माझ्यापुढे संकोचला. मला त्याच्यापुढे अधिक संकोच वाटत होता. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, असे त्याचे म्हणणे होते. हा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे. माणसाच्या वासामुळे पक्षी आपली पिल्ले टाकीत नाहीत. शिडी लावून पिल्ले ढोलीत परत ठेवली आणि आम्ही दूर विहिरीच्या धक्क्यावर बसलो. पाऊण तासाने मादी आली, फांदीवर बराच वेळ मान वाकडी करून बसली, आणि आत गेली. त्या मुलाने माझा हात घट्ट धरला होता, तो तेव्हा सोडला.

रात्री झोप लागेना, म्हणून बाणभट्टाची ‘कादंबरी’ काढली. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीत ‘कादंबरी’ हा शब्द आला, तो सातव्या शतकातील ग्रंथ. त्यातील कथा सांगतो एक पोपट. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडालकन्या वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते. विदिशा आपल्या याच राज्यातली. उजवा पाय उचलून तो राजाची स्तुती गातो, सभा थक्क होते, आणि एम.ए.च्या वर्गात आम्हीही तेथेच थक्क होऊन थांबलो होतो. त्या रात्री पुढचे वाचले. विंध्याटवीत पंपासरोवराच्या काठी एक प्रचंड शाल्मली वृक्ष. त्याच्या ढोलींतून पोपटांची घरटी. एक म्हातारा शबर त्यावर चढतो आणि फळे तोडावीत तशी पिल्ले काढून, माना मुरगळून खाली टाकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्याला पंखाखाली झाकून घेतो आणि स्वतः मरतो. पिल्लू पाचोळ्यावर पडते म्हणून वाचते. शाल्मली म्हणजेच आपली सावर. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी बाणाने लिहून ठेवले होते, की दरबारात बोलणाऱ्या प्रत्येक पोपटामागे एक ओरबाडलेले झाड असते. मी ते परीक्षेसाठी वाचले आणि त्यावर टिपा लिहिल्या. आईच्या त्या टोपलीतली उरलेली पिल्ले मला त्या रात्री प्रथम दिसली.

सकाळी सौ.ला सांगितले. ती बराच वेळ भाजी निवडीत राहिली. मग म्हणाली, ‘अहो, पण आईंचा आवाज जाईल.’ मी म्हणालो, ‘आवाज आईचा आहे, कंठ राघूचा आहे.’ हे बोलणे सोपे होते. मी स्वतः अर्ज लिहावयास आणखी एकवीस दिवस घेतले.

एक मोह मला झाला होता, तो वाचकांना होऊ नये म्हणून लिहितो. पिंजऱ्याचे दार उघडून ‘जा, मुक्त हो’ म्हणावे, असे फार वाटले. ते पुण्य नव्हे. अठरा वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. त्याला अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. मांजर आणि ससाणा त्याला पहिल्याच दिवशी गाठतात. अशा वेळी वनविभागाच्या जवळच्या कार्यालयाला कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. मी कार्यालयात जाऊन सर्व हकिकत लिहून दिली. शिक्षा झाली असती तर ती घेण्याची तयारी होती. तेथील अधिकाऱ्याने वयाने मोठ्या माणसाला बोलावे तसे मला चार शब्द सुनावले, आणि ते रास्त होते. काही दिवसांनी राघू आणि मैना सातपुड्यापलीकडे, जेथे असे पक्षी मोठ्या जाळीच्या घरात एकत्र ठेवतात तेथे गेले. निघताना राघू काही बोलला नाही. मैनेने नेणाऱ्याच्या बोटाला चावा घेतला. तिच्या स्वभावाला ते धरूनच होते.

शाळेत आठवीच्या वर्गात जाऊन मी हे सर्व सांगितले. तो मुलगा मागच्या बाकावर होता. त्याने मान खाली घातली होती, पण हसत असावा.

आमची ओसरी शांत झाली. चपला काढताना अजूनही मी एक क्षण थांबतो. सौ. आतून काही विचारीत नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते.

२०२५ च्या जानेवारीत एका लग्नाच्या निमित्ताने तिकडे जाणे झाले, तेव्हा परवानगी घेऊन आम्ही दोघे त्यांना पाहून आलो. जाळीच्या उंच घरात वीस-पंचवीस पोपट होते. कंठाचे नर कितीतरी. त्यांतला राघू कोणता, हे मला ओळखता आले नाही, याची लाज वाटली. मैना सौ.ने ओळखली. एका आडव्या ओंडक्याच्या भोकाशी बसून ती कड कुरतडीत होती. माघ जवळ आला होता. तिने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा कामाला लागली.

तेथे पक्ष्यांना दाणापाणी करणारा मनुष्य हिंदी मुलखातला. आम्ही कोठून आलो हे कळताच त्याने विचारले, ‘गुरुजी, इनमें एक है, रोज शाम को कुछ कहता है। जेवला का रे बाबू। इसका मतलब क्या है?’

मी अर्थ सांगितला.

तो म्हणाला, ‘अच्छा! मैं समझता था कुछ माँग रहा है। यह तो पूछ रहा है।’

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. फाटकापर्यंत पोहोचलो असू, तोच मागून तो प्रश्न ऐकू आला, तोच हेलकावा घेऊन. सौ. थांबली. मी उत्तर देण्यासाठी वळलो. पण त्याआधीच तो मनुष्य हातातली बादली खाली ठेवून जाळीकडे पाहत म्हणत होता, ‘हाँ भाई, खा लिया।’